ग्लासनोस्त : खुलेपणा की वाच्यता?

प्रश्न:
सोव्हिएत नेते गोर्बाचेव यांच्या काळावर एक टिपण लिहितोय. त्यांच्या दोन घोषणांपैकी ‘पेरेस्त्रोइका’ला पुनर्रचना म्हटलं की भागतं. ‘ग्लासनोस्त’पाशी मात्र अडलो. खुलेपणा, मोकळेपणा, पारदर्शकता असं तिन्ही वाचलंय. कोणता घ्यावा?

प्रतिसाद:
पारदर्शकता नको, त्याला टेंडरच्या फायलीचा वास येतो. रशियनमध्ये ‘ग्लास’ म्हणजे आवाज (रोजच्या बोलण्यात ‘गोलोस’). आपल्याकडे वाचेवरून वाच्यता, तसं त्यांच्याकडे ग्लासवरून ग्लासनोस्त. माझं मत वाच्यतेला.

प्रश्नकर्ता:
पण वाच्यता बहुधा नकारातच येते ना? ‘कुठे वाच्यता करू नकोस’ वगैरे.

प्रतिसाद:
म्हणूनच तर चपखल! गुपित ज्याच्यापाशी, वाच्यता करायची की नाही हे ठरवणारही तोच. फेब्रुवारी १९८६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या २७ व्या अधिवेशनात गोर्बाचेव यांनी ग्लासनोस्तवर भर दिला. २६ एप्रिलला चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट. २८ ला सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला, तिकडून विचारणा सुरू झाली, तेव्हा कुठे त्या रात्री सोव्हिएत टीव्हीवर चार-पाच वाक्यांचं निवेदन आलं. चेर्नोबिलपासून जवळच्या कीव्हमधलं १ मेचं संचलन ठरल्याप्रमाणे झालं, त्यात शाळकरी मुलंसुद्धा होती. गोर्बाचेव स्वतः बोलले ते १४ मेला, म्हणजे १८ दिवसांनी. याला खुलेपणा म्हणायला माझी तरी जीभ धजत नाही. भाषणस्वातंत्र्याला रशियनमध्ये ‘स्वोबोदा स्लोवा’ असा वेगळा शब्द आहे. पक्षाने घोषणेसाठी तो उचलला नाही.

दुसरा प्रतिसाद:
शब्दावर थोडा अन्याय होतोय. ही पक्षाची निर्मिती नव्हे. ५ डिसेंबर १९६५ ला मॉस्कोच्या पुश्किन चौकात काही लोक जमले होते. सिन्याव्हस्की आणि दानिएल या लेखकांवरच्या खटल्यात ‘ग्लासनोस्त’ हवी, असं त्यांच्या फलकावर होतं. तिथे अर्थ सरळ ‘जाहीर सुनावणी’. आणि पुढे हा शब्द पक्षाच्या हातात राहिला कुठे? लोकांनी स्टालिनच्या काळातल्या हत्यांना वाचा फोडली, मार्च १९९० मध्ये राज्यघटनेच्या कलम ६ मधून पक्षाची मक्तेदारी गेली, त्याच वर्षी वृत्तपत्र कायद्याने सेन्सॉरशिप गेली. वाच्यता करणं एक, वाचा फोडणं वेगळं. धातू तोच, कर्ता बदलला.

प्रश्नकर्ता:
पटलं. १९८६ च्या परिच्छेदात ‘वाच्यता’ लिहितो, १९९० च्या परिच्छेदात ‘ग्लासनोस्त’ तसाच ठेवतो. शीर्षकात ‘खुलेपणाचं पर्व’ होतं, ते आत्ताच खोडलं.