मणिपूरची मुलं शिकायला पुण्यात आणावीत का? ग्रुपमध्ये दोन तट पडलेत

सहकारनगरवाली:
मे २०२३ ला मैतेई आणि कुकी या दोन समाजांत हिंसाचार होऊन मणिपूर पेटलं, ६०,००० च्या आसपास माणसं घरदार सोडून गेली आणि त्यातली कितीतरी कुटुंबं पुढे वर्षानुवर्षं छावणीतच राहिली. गर्दीच्या हॉलमध्ये पोरगी दहावीचा अभ्यास करणार कुठे? आम्ही वर्गणी काढलीय आणि माझं स्पष्ट मत आहे, काही मुलांना सरळ इथे आणून शिकवावं. पुण्याला हे नवीन नाही. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेने हजारावर मुलं पुण्यात आणली, 'सरहद' संस्थेने काश्मीरची मुलं आणून शिकवली. मग आपण का नाही?

धायरीचे मास्तर:
ताई, तळमळ कळते पण माझा ठाम विरोध. किल्लारीची मुलं मराठी बोलणारी होती, एसटीत बसलं की एका दिवसात गाव. मणिपुरातल्या चुराचांदपूरचं आठ वर्षांचं पोर रात्री पोट दुखतंय हे वॉर्डनला सांगणार कसं, आणि आई येणार कशी? यातल्या बऱ्याच मुलांना आईबाप आहेत हो, छावणीत आहेत पण आहेत. शिवाय कायदा बघा. तिकडची मुलं शिक्षणाच्या नावाखाली तमिळनाडूतल्या बालगृहांत नेली जायची, तिथले हाल कोर्टापुढे आले आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने मणिपूर-आसाम सरकारांना बजावलं की १२ वर्षांखालच्या मुलांना शिकायला परराज्यात पाठवू देऊ नका. मुलं पळवणारेसुद्धा मदतीच्याच नावाने येतात.

खडकीचा निलेश:
इतक्या लांबचं कशाला पण? वाघोली, हिंजवडीला बांधकामाच्या साइटवर पोरं वाळूत खेळतायत, शाळेत नाव नाही, आधी त्यांचं बघा ना.

सहकारनगरवाली:
त्यांचंही बघूया, नको कोण म्हणतंय. पण साइटवरच्या पोराच्या बापाला गावी परत जायचं म्हटलं तर जाता येतं. यांची घरं जाळलीत, मधे सुरक्षा दलांनी राखलेला बफर झोन, मैतेई माणूस कुकींच्या चुराचांदपूरला जायला घाबरतो आणि कुकी माणूस मैतेईंच्या इम्फाळला. मास्तर, आईजवळ राहू दे म्हणता ते पटतं, पण तोवर वय थांबतं का?

वारजेची मीनल:
मी लहान मुलांसोबतच काम करते. डोळ्यांदेखत घर जळालेलं मूल आधी ठरलेला दिवस शोधतं, त्याच वेळी शाळा, त्याच वेळी जेवण आणि ओळखीची माणसं. तेवढंच जर आपण काढून घेतलं तर हॉस्टेल कितीही चांगलं असू दे, ते मूल आतून मिटतं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. त्या मुलांना कुणी मराठी शाळांत विखरून टाकलं नाही, कॅम्पातच पोलिश शाळा होत्या, शिकवणारे त्यांचेच, आया तिथेच. आणि समाजकार्य करणारे अधिक कदम आपल्याकडचेच ना, त्यांनी २००२ ला काश्मीरच्या कुपवाड्यात जाऊन मुलींसाठी घर तिथेच उभं केलं. वर्गणीतून छावणीतल्याच शिक्षकांना मानधन द्या, तिथे शिकलेली पोरंपोरी रिकामी बसलीत. आणि कृपा करून जुन्या कपड्यांची गाठोडी पाठवू नका.

सहकारनगरवाली:
लहानांचं मान्य, त्यांना नकोच आणूया. पण अकरावी-बारावीच्या मुलीचं काय? सतरा वर्षांच्या मुलीला छावणीत बसवून ठेवलं तर तिचं लग्न लावून मोकळे होतील, हे तुम्हालाही माहितीय. पुण्यात आधीच मणिपूरची कॉलेजची मुलं आहेत, ती आधार देतील.

धायरीचे मास्तर:
कुठल्या मुली पण? फक्त मैतेई आणल्या तर तुम्ही बाजू घेतलीत, फक्त कुकी आणल्या तरी तेच. दोन्ही आणल्या तर एकाच हॉस्टेलमध्ये ठेवणार? पहिल्या रात्री तिथे कोण थांबणार, हे ठरलंय का? आणि अकरावीपासून पदवी म्हणजे पाच वर्षं. वर्गणीचा उत्साह किती टिकतो ते मी गणपतीत दरवर्षी बघतो. दुसऱ्या वर्षी पैसे संपले तर त्या पोरीला परत छावणीत पाठवणार का? तेवढ्या पैशात तिथल्या पन्नास मुलांचे वर्ग चालतील.

खडकीचा निलेश:
मास्तरांचा पाच वर्षांचा मुद्दा बरोबर आहे. मी तिथल्या वर्गांना पैसे देईन, हॉस्टेलला नाही.

सहकारनगरवाली:
दोन्हीकडच्या मुली, नाहीतर एकही नाही, हे ग्रुपमध्ये लिहून घेते. पाच वर्षांचे पैसे आधी बँकेत, आईबापांची लेखी संमती, बालकल्याण समितीकडे नोंद, मगच पहिली मुलगी. दोनच आल्या तरी चालेल. पन्नासांच्या वर्गांसाठी वेगळी वर्गणी काढा मास्तर, मी त्यातही देते, पण या दोघींना नाही म्हणायला मी तयार नाही.