ऑस्ट्रेलियातील 'कूऽऽई' ही साद नेमकी कशी घालतात?

प्रश्न:
सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्समधल्या पायवाटांवर मुलांना घेऊन जाण्याचा आमचा बेत आहे. तिथे कोणी मागे राहिले तर 'कूऽऽई' अशी साद घालतात, असे शेजारच्या आजींनी सांगितले. त्या स्वतः आमच्या मागच्या दाराशी आल्या की बेल न वाजवता हलक्या आवाजात हीच साद घालतात. ती नीट कशी घालावी, आणि आम्हा परक्यांच्या तोंडी ती खटकेल का?

प्रतिसाद १:
'कू' खालच्या पट्टीत चांगला लांबवावा आणि 'ई' एकदम वरच्या सप्तकात नेऊन तिथेच तोडावा. नावाने मारलेल्या हाकेतली व्यंजने अंतराबरोबर विरून जातात, पण पानांच्या सळसळीतूनही हा उंच, तुटक शेवट कानावर येतो. साद घातल्यावर मात्र सगळ्यांनी गप्प राहून कान द्यायला हवा, कारण समोरून तीच साद परत आली तरच दिशा कळते. तिथले कडे प्रतिध्वनी देतात, म्हणून एका उत्तरावर विसंबून निघू नये. हरवलेल्या मुलाने जागा न सोडता प्रत्येक सादेला ओ द्यावी, हे घरूनच शिकवून ठेवा.

प्रतिसाद २:
खटकणार नाही; फक्त ही साद मूळची सिडनी परिसरातल्या धरुग या आदिवासी लोकांची, हे मुलांना आवर्जून सांगा. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या वसाहतवाल्यांनी ती त्यांच्याकडूनच उचलली. पुढे ती इतकी सर्वांची झाली की 1915 च्या ऑक्टोबरात गिलगँड्रा या आतल्या भागातल्या गावाहून सैन्यभरतीसाठी पायी निघालेल्या तुकडीने गावोगावी हीच साद घालून तरुणांना बोलावले, आणि पाचशेहून अधिक किलोमीटर चालून 12 नोव्हेंबरला सिडनीत पोहोचेपर्यंत मूठभर माणसांचे 263 जण झाले होते.

प्रतिसाद ३:
तुमच्या शेजारच्या आजी करतात तोच तिचा आजचा नेहमीचा वापर: परसदारी, समुद्रकिनाऱ्यावर पांगलेली मुले गोळा करताना. एखादा संघ विजयाच्या जवळपासही नसला, तर तो 'कूईच्या टप्प्यातही नव्हता' असे तिथले लोक सहज म्हणतात. रानात मात्र केवळ घशावर भिस्त ठेवू नका. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, म्हणून प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असू द्या. थांबून थांबून तीनदा वाजवलेली शिट्टी म्हणजे मदतीची हाक. आणीबाणीचा क्रमांक 000 आहे. उपग्रहाला संकेत पाठवणारे बीकन यंत्रही त्या भागात विनामूल्य उसने मिळते, ते निघण्याआधी घ्या आणि परतण्याची वेळ आजींना सांगून जा.