ॲपलवर बोलणारे म्हणजे ईएमआय नाकारलेले? मग ऐकाच

औसा_रोड
परवा इथं एका महाशयांनी लिहिलं, "ॲपलच्या धोरणांवर बोंबलणारे सगळे ईएमआय नाकारले गेलेले लोक आहेत." खाली लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस. माझ्याकडे आयफोन आहे, मॅकबुकही आहे, दोन्ही रोखीत घेतलेले. तेव्हा बोलायचा परवाना आहे असं समजा.

वस्तू चांगली आहे, त्यावर भांडण नाही. भांडण मालकीचं आहे. बॅटरी जुनी झालेले आयफोन अपडेटमधून संथ केले जातात, हे कंपनीनं २०१७ मध्ये कबूल केलं. फोन अचानक बंद पडू नये म्हणून केलं म्हणतात. असेल. पण ज्याचा फोन त्याला सांगायचं नाही? शेवटी अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली. २०२० ला खोक्यातून चार्जर काढला, म्हणे पर्यावरण. मग ॲपलचीच असलेली लाइटनिंगची वेगळी केबल त्याच पर्यावरणाला २०२३ पर्यंत कशी चालली? टाइप-सी दिलं तेही युरोपनं कायदा केल्यावर. मॅकची रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि ८ जीबीवर अडवलेला मॅकबुक एअर ऑक्टोबर २०२४ मध्ये १६ वर आणला, त्याच किमतीत. म्हणजे आधीही परवडत होतं ना?

गोदाकाठ
दादा, रोखीत घेतला हे सांगितल्याशिवाय मुद्दा मांडता येत नव्हता का?

२०१३ च्या आयफोन ५एसला सुरक्षेचं अपडेट जानेवारी २०२३ मध्ये मिळालं. मोजा वर्षं. मी आधी एका दुसऱ्या कंपनीचा फोन वापरला, नाव घेत नाही. दोन वर्षांत अपडेट बंद. पुढं बँकेचं ॲप उघडेना, आणि मी गंगाखेडला खताच्या दुकानात रांगेत उभा. मागचे लोक काय काय बोलले ते इथं लिहिता येत नाही. आता ॲपलच्याच एम१ चिपचा लॅपटॉप आहे. आमच्याकडे लाईट गेली की संध्याकाळपर्यंत येत नाही, हा चालू असतो. तुमची मालकी घेऊन मी काय करू?

औसा_रोड
सात वर्षांच्या अपडेटचं वचन आता गूगल आणि सॅमसंगही देतात, वरच्या फोनांना का होईना. २०१३ ची पुण्याई किती दिवस पुरवणार?

वजिराबाद_मोबाईल
दोघंबी फोन वापरणारे बोलायलेत, उघडणारा मी हाव. आयफोन ११ पासून बाहेरचा डिस्प्ले टाकला की सेटिंगमधी सूचना येते, पार्ट ओरिजिनल आहे का ते कळत नाही म्हणून. गिऱ्हाईकाला वाटतं दुकानदारानं गंडवलं. १३ ला तर स्क्रीन बदलली की चेहरा बघून फोन उघडणारा फेस आयडीच बंद पडायचा. जगभर बोंब झाली तवा अपडेट देऊन सुधारलं. चोरीचे पार्ट इकू नयेत म्हणून हे करतेत, तेबी खरंय. पण त्याच्यात हातावर पोट असलेला कारागीर मरतो.

अंबाजोगाई_प्रेस
रॅम, केबल, स्क्रीन, सगळं राहू द्या. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, ही मराठी वळणाची अक्षरं, आपल्या शासनानं २००९ च्या निर्णयात ठरवून दिलं. या कंपनीच्या मी पाहिलेल्या स्क्रीनवर मात्र हिंदी वळणाचा ल! मराठी बोलणारे ८ कोटींहून जास्त, पण एक अक्षर नीट देता येत नाही. यावर कुणी बोलणार नाही, कारण तुम्हाला कॅमेरा पाहिजे.

गोदाकाठ
सर, आधी स्वतःचं बघा. तुमच्या प्रेसवाल्यांच्या अर्ध्या फाइली अजून युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखी दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसता कचरा. माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेची फाइल आम्हाला वाचताच आली नाही, आणि मालक म्हणतो, "माझ्याकडं तर दिसतंय." आणि तुम्ही पाकळ्या मोजायलेत!

अंबाजोगाई_प्रेस
ते जुने फाँट होते म्हणून तुमच्या आजोबांच्या पिढीची वर्तमानपत्रं छापून निघाली. वयाचा मान ठेवून बोला. त्या फाँटात जोडाक्षरं कशी सुबक बसायची ते पाहिलंय कधी? तुमच्या युनिकोडात 'ऱ्य' नीट उमटायला किती वर्षं गेली, ते विचारा एखाद्या मुद्रितशोधकाला.

गोदाकाठ
मान ठेवूनच सर म्हटलं. सुबक होतं, पण शोधता येत नाही, फोनवर वाचता येत नाही, कुठं चिकटवता येत नाही. असलं सौंदर्य कपाटात ठेवा. आणि मार्च २०२५ च्या १८.४ अपडेटपासून आयफोनची आख्खी भाषा मराठी करता येते. वापरून बघा, मग शिव्या द्या.

लातूरची_आई
तुमचं 'ऱ्य' झालं असेल तर एक विचारते. मुलगा मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या क्लासला आहे. वसतिगृहातल्या पोरांकडे बघून आयफोन पाहिजे म्हणतोय, जुना म्हणे 'लॅग' मारतो. साधा आयफोन १७ भारतात ८२,९०० ला आला. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८. भागाकार केला तर साडेपंधरा क्विंटल, तेही हमीभाव बाजारात खरंच हातात पडला तर. मी त्याला बटणांचा फोन दिला. तीन दिवस बोलला नाही.

औसा_रोड
ताई, बरोबर केलंत.

गोदाकाठ
ताई, बरोबर केलंत. पण यात ॲपलचा काय दोष? पोराच्या हट्टाचं बिल कंपनीवर फाडू नका.

लातूरची_आई
मी कुठं कंपनीचं नाव घेतलं? तुम्हालाच झोंबलं.

वजिराबाद_मोबाईल
ताई, त्याचा जुना घेऊन या. बॅटरी टाकून बघू, पन्नास टक्के 'लॅग' तिथंच असतो.

अंबाजोगाई_प्रेस
भाच्याच्या आयफोनवर पाहिलं. मराठी आहे. पहिला फोन २००७ चा, मराठी २०२५ ला. अठरा वर्षांचं झाल्यावर बोलायला लागलं, अभिनंदन करा तुमच्या कंपनीचं. ल मात्र तसाच.

औसा_रोड
बॅटरीचं न सांगणं आणि रॅम, या दोन्हींवर गोदाकाठनं अजून एक अक्षर लिहिलेलं नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

गोदाकाठ
रॅमचं घ्या, दिलं. ८ जीबीला लुटत होते. खूश? बॅटरीचं सांगायला हवं होतं, पण माझा फोन ऐन रस्त्यात बंद पडण्यापेक्षा संथ चाललेला मला आजही चालेल. आणि तो 'रोखीत' शब्द आधी काढा वरून.