अपार्टमेंटच्या सामायिक वॉशिंग मशीनमध्ये आजारी माणसाच्या चादरी: मार्ग सुचवा

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीला आमचं 14 फ्लॅटचं अपार्टमेंट आहे. गच्चीवरच्या खोलीत वर्गणी काढून घेतलेली दोन मशीन आहेत, एक टॉप लोड, एक फ्रंट लोड. आजवर कुरबुर व्हायची ती एवढ्यावरच, की धुणं झालं तरी कुणी कपडे काढून नेत नाही.

दुसऱ्या मजल्यावरचे काका अर्धांगवायूनं चार महिने अंथरुणाला खिळून आहेत. रोज दोन चादरी, कधी तीन. मागच्या मीटिंगला दोघातिघांनी विषय काढला, की त्याच मशीनमध्ये आम्ही लेकरांचे कपडे आणि सोवळ्याची वस्त्रं कशी घालायची? काकांच्या घरच्या अक्का काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हातानं धुवायला लागल्या.

परवा धो धो पाऊस होता. मी वर गेले तर त्या जिन्याच्या तोंडाशी डबल बेडची चादर एकट्या पिळत होत्या. मी दुसरं टोक धरलं. पीळ द्यायला लागलो की त्यांच्या हातातून चादर सुटायची, असं तीनदा झालं. बोटं पाण्यानं पांढरी पडलेली. म्हटलं, मशीनला लावूया. तर कन्नडमध्ये म्हणाल्या, ‘इरली बिडु तंगी.’ राहू दे म्हणे. आपल्याकडच्या पावसात जाड चादर दोन दोन दिवस वाळत नाही, वर तो कुबट वास. काकांच्या पाठीला ओलसर चादर लागली तर जखमा व्हायच्या, याची मला जास्त धास्ती आहे.

आक्षेप घेणाऱ्यांनाही मी वाईट म्हणत नाही. माझंही दीड वर्षाचं लेकरू आहे. पण मला माहीत आहे ते असं: मळ आधी संडासात झटकून चादर खळबळून घेतली आणि मग 60 अंशांवर पावडर घालून धुतली, तर घरच्या वापराला पुरतं. इंग्लंडमधल्या इस्पितळांच्या नियमात तर पाणी 71 अंशांवर किमान 3 मिनिटं ठेवायला सांगितलंय. आमच्या फ्रंट लोडला 90 पर्यंतचं बटण आहे. टॉप लोडला हीटर नाही, म्हणून चादरींना फ्रंट लोडच हवं.

अडचण विजेची. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळे बऱ्याच जणांचं घरचं बिल शून्य येतं, पण गच्चीचं मीटर कॉमन, ते सगळ्यांत वाटून भरतो. गरम पाण्याचा जादा खर्च अक्कांकडून घ्यायला माझं मन धजत नाही.

कुणाच्या अपार्टमेंटमध्ये अशी वेळ आली होती का? चादरींना ठराविक वेळ दिली आणि नंतर मशीन एकदा रिकामं गरम पाण्यावर फिरवलं, तर लोकांचं समाधान होतं का? नियम लिहायचा तर कन्नड आणि मराठी दोन्हींत कसा लिहावा, की त्यात काकांच्या घराकडे बोट जाणार नाही? पुढची मीटिंग रविवारी आहे. आणि मीटिंगमध्ये ठरलं तरी अक्कांना पुन्हा मशीनपर्यंत कसं आणायचं, तेही सांगा.