नाला की ओढा? (आणि मजरे-टोल्यांचं काय करू)

रामबागेची सून, इंदूर: एक हिंदी रिपोर्ट मराठीत करतेय, महूच्या खाली चोरल नदीकडच्या खेड्यांचा. 'नाले के किनारे बसे मजरे-टोले' असं आहे. मी 'नाल्याकाठच्या वाड्या-वस्त्या' लिहिलं तर पुण्याच्या नणंदबाई म्हणतात, नाला म्हणजे घाण पाणी, ओढा लिही. अहो पण तिथे गुरं पाणी पितात, आणि माझ्या माहेरी नालाच म्हणायचे, आजी म्हणायची नाल्यात पाय धुऊन या.

दामूकाका: ओढाच. नाला हिंदी. आपण इंदूरकर आधीच अर्धी हिंदी बोलतो, निदान लिहिताना तरी…

खजुरीबाजार: काका, नळ, नाळ, नाली, नाला सगळी एकाच घरची भावंडं, एकट्या नाल्यालाच हिंदीत काय ढकलता? आणि पुण्याचा आंबील ओढा 2019 साली लोकांच्या घरात शिरला तेव्हा काय गंगाजल होतं का त्यात. नाव ओढाच ना?

दामूकाका: अपवाद. आपल्या होळकरांच्या छत्र्यांपाशी बघ, नदीचं नाव खान, आता कागदावर कान्ह, आणि पन्नास वर्षं सगळे म्हणतात काय? नाला. म्हणजे नाला म्हटलं की घाण हे डोक्यात बसलंय, पुणेकरांच्याच नाही.

बडोद्याची मावशी: आमच्याकडे गुजरातीत वहेळो, काठियावाडात वोकळो. आणि ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात वहाळ आणि वोहळ शेजारी शेजारी आहेत, गंगेला मिळेपर्यंतच ते वेगळे. मला तर हे सगळे एकाच कुळातले वाटतात, भाषाशास्त्रवाले हसतील तर हसू देत. कोकणात वहाळ अजून चालतो, आमच्या सासूबाई सावंतवाडीच्या.

खजुरीबाजार: मजरे हिंदी नाही हां, कोल्हापूरकडे मजरे कार्वे गाव आहे, मूळ अरबी, शेतजमीन. शेतावर राहायला गेले त्यांची वस्ती ती मजरा. मस्त शब्द आहे, राहू दे तसाच. पण भिलांची वस्ती असेल तर फळिया लिही ताई, वाडी म्हटलं की नारळ-पोफळी दिसतात.

रामबागेची सून: फळिया वाचून कुणाला कळेल? आणि नाल्याचं राहिलंच, उद्या द्यायचंय.

दामूकाका: ओहोळ लिही, लहान असेल तर.

बडोद्याची मावशी: लहान तो ओघळ ना?

दामूकाका: ओघळ पाऊस थांबला की संपला. ओहोळ दिवाळीपर्यंत तरी वाहतो.

खजुरीबाजार: कुठल्या दिवाळीपर्यंत काका, आमच्या शेताजवळचा तर नवरात्रातच आटतो, तरी ओहोळच म्हणतो आम्ही