पीएच.डी.चे गाइड निवडताना सायटेशनचे आकडे कसे वाचावेत?

सुदामानगर, इंदूर
माझी भाची इंदुरात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि खगोलभौतिकीतच पीएच.डी. करायची, हे तिने पक्के ठरवले आहे. तिच्यासमोर दोन प्राध्यापकांची नावे आहेत. नासाच्या ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टम या शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर, म्हणजे एडीएसवर, आम्ही दोघांची माहिती काढली, तेव्हा पहिल्यांच्या शोधनिबंधांना वीस हजारांहून अधिक सायटेशन, म्हणजे इतर निबंधांनी घेतलेले संदर्भ, दिसली, तर दुसऱ्यांची जेमतेम दीड हजार आणि एच-इंडेक्स २०. घरातील मंडळी अर्थातच पहिल्यांच्या बाजूची आहेत, पण भाचीला दुसऱ्यांचा विषय मनापासून आवडतो. मी बँकेत नोकरी केलेला माणूस आहे, आणि हे आकडे नेमके कशाचे आहेत हे समजून घेतल्याशिवाय तिला सल्ला देणे मला योग्य वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मांडवी, वडोदरा
काका, पहिल्या प्राध्यापकांची यादी सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या आठ-दहा निबंधांवर किती लेखक आहेत ते पाहा. गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या थेट नोंदीचा निबंध फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर हजाराहून अधिक नावे आहेत आणि ती आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावलेली आहेत. त्या निबंधाला मिळालेले प्रत्येक सायटेशन त्या प्रत्येकाच्या खात्यावर पूर्णच्या पूर्ण जमा होते. यात कोणाची लबाडी नाही, कारण या लहरी टिपणारा लायगोसारखा प्रयोग शेकडो माणसांच्या अनेक वर्षांच्या कष्टांशिवाय उभाच राहत नाही. पण एकट्या माणसाच्या कामाचे माप त्या बेरजेतून निघत नाही. एडीएसच्या मेट्रिक्समध्ये लेखकसंख्येने भागून काढलेली ‘नॉर्मलाइज्ड’ सायटेशनही दिलेली असतात, ती दोघांची ताडून पाहा. शोधताना नावाआधी कॅरेटचे चिन्ह (^) घातले, तर ती व्यक्ती प्रथम लेखक असलेले निबंधच समोर येतात, आणि आमच्या क्षेत्रात छोट्या गटाच्या निबंधावर पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे असते. आणखी एक खबरदारी घ्या: जोशी, कुलकर्णी, पाटील अशा आडनावांपुढे नुसते आद्याक्षर लिहून शोधले, तर दोन-तीन माणसांचे काम एकाच यादीत मिसळते, म्हणून ऑर्किड क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळाला तर त्यावरून शोधा.

लष्कर, ग्वाल्हेर
एच-इंडेक्सबद्दल थोडे लिहितो. हे माप भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवले. तो २० आहे, याचा अर्थ त्या व्यक्तीच्या किमान २० निबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन मिळाली आहेत. हा आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे साठीच्या प्राध्यापकाची आणि चाळिशीतल्या प्राध्यापकाची तुलना त्यावरून करणे अन्यायाचे ठरते. शिवाय एखादा निबंध कितीही मोठा असला, तरी या हिशेबात तो एकच धरला जातो. श्वेत बटूंच्या, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या दाट गाभ्यांच्या, कमाल वस्तुमानावरचा खगोलभौतिकीतज्ज्ञ एस. चंद्रशेखरांचा १९३१ चा निबंध अवघ्या दोन पानांचा आहे. ताऱ्यांच्या अंताविषयीची आपली समज त्याने बदलली, पण एच-इंडेक्समध्ये त्याची भर फार तर एकाची. विश्वरचनाशास्त्रात माणसे पुष्कळ आणि निबंधही पुष्कळ, म्हणून तिथे सायटेशन भराभर वाढतात. दुर्बिणीचे उपकरण घडवण्यात वर्षानुवर्षे घालवणाऱ्याच्या वाट्याला ती त्या वेगाने येत नाहीत.

अलकापुरी, वडोदरा
मांडवीताईंचा कॅरेटचा सल्ला योग्य आहे, पण गाइड निवडताना तो उलटाही वाचावा लागतो. पल्सारच्या, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, शोधाच्या १९६८ मधील निबंधावर पहिले नाव अँटनी ह्यूइश यांचे आणि दुसरे जोसलिन बेल यांचे होते, वास्तविक तो संकेत प्रथम टिपला होता तो विद्यार्थिनी असलेल्या बेल यांनी. १९७४ च्या नोबेल पुरस्कारात ह्यूइश होते, बेल नव्हत्या. त्यामुळे मी तर असे म्हणेन की गेल्या दहा वर्षांतले असे निबंध शोधा, ज्यांत विद्यार्थी प्रथम लेखक आहे आणि प्राध्यापकांचे नाव दुसरे किंवा शेवटचे आहे. ज्येष्ठ प्राध्यापक स्वतः प्रथम लेखक म्हणून कमी दिसत असतील आणि त्यांचे विद्यार्थी वरचेवर दिसत असतील, तर आपल्या भाचीच्या दृष्टीने ती जमेची बाजू आहे.

सुदामानगर, इंदूर
आपणा सर्वांचा आभारी आहे. काल रात्री भाचीने आणि मी मिळून दोन्ही याद्या पुन्हा लावल्या. पहिल्यांची बहुतेक सायटेशन मोठ्या सहयोगांच्या मोजक्या निबंधांमधून आलेली निघाली. दुसऱ्यांच्या यादीत तीन-चार लेखकांचे निबंधच जास्त आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच निबंधांवर पहिले नाव त्यांच्या विद्यार्थ्यांचे आहे.

मांडवी, वडोदरा
मग त्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना भाचीने स्वतः ईमेल लिहावी, काका. पहिला निबंध लिहायला किती वर्षे लागली, गाइड मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात आणि पीएच.डी.नंतर ते विद्यार्थी कुठे गेले, एवढेच विचारले तरी पुरे. हे कोणत्याही इंडेक्सात सापडणार नाही.