वेल्डिंग मशीनच्या पंख्याचा आवाज कमी करायचाय, काय करता येईल?

ठिणगी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे 200 अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन आहे, रॉड आणि टिग (टंगस्टनच्या टोकानं, वायूच्या आवरणात होणारं वेल्डिंग) दोन्ही चालतं. घराला लागूनच छोटी खोली आहे, तिथं काम करतो. मशीन चालू केलं की पंखा पूर्ण वेगात सुरू होतो आणि बंद करेपर्यंत थांबत नाही. माझं बरंचसं काम पातळ पत्र्याचं, 80 अँपिअरच्या आतलं. प्रत्यक्ष वेल्डिंग थोडाच वेळ, बाकी सगळी जुळवाजुळव, घासणं, क्लॅम्प लावणं. तेवढा वेळ पंखा उगाच ओरडत असतो आणि पलीकडच्या खोलीत मुलांना अभ्यास करवत नाही. पंखा 120 मिमीचा, 38 मिमी जाडीचा, 24 व्होल्ट डीसी, 0.3 अँपिअर, दोन वायरींचा आहे. कॉम्प्युटरचा शांत पंखा बसवला तर चालेल का? वॉरंटी संपलेली आहे.

पत्रेवाला
पंखा बदलायच्या आधी मशीन साफ करा. ग्राइंडिंगची धूळ पात्यांवर एका बाजूला जास्त बसली की तोल जातो आणि सगळा पत्रा थरथरतो. हवा मारताना पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं सोडलं तर कॉम्प्रेसरच्या हवेनं ते भलत्याच वेगात फिरतं आणि बेअरिंगची वाट लागते. ही धूळ लोखंडाची असते, म्हणजे वीज वाहून नेते. आवाजाचं सोडा, बोर्डावर ती साचू देणंच धोक्याचं आहे.

जुना फिटर
कॉम्प्युटरचा पंखा नको. तो 12 व्होल्टचा असतो ही अडचण सोडवता येते, खरी अडचण दाबाची आहे. पंख्यावर लिहिलेला हवेचा आकडा मोकळ्या जागेतला असतो. मशीनमध्ये हवेला हीटसिंकच्या (आतल्या भागांची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) अरुंद फटींतून घुसायचं असतं. 25 मिमी जाडीचा शांत पंखा तिथं नुसता फिरतो, हवा आत शिरतच नाही. हाताला वारा लागतो म्हणून माणूस समाधानी राहतो आणि आत ट्रान्झिस्टर भाजत असतात. तुमचा 38 मिमीचा पंखा दाब देण्यासाठीच जाड केलेला आहे, तोच ठेवा.

आवाज कसला आहे ते आधी ओळखा. खरखर असेल तर बेअरिंग गेलंय, त्याच मापाचा, त्याच व्होल्ट-अँपिअरचा बॉल बेअरिंगवाला पंखा आणा. घरघर आणि पत्र्याचा थरथराट असेल तर पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये रबराचे वॉशर घाला, कव्हरचे सगळे स्क्रू आवळा, मशीन पोकळ पत्र्याच्या टेबलावर असेल तर खाली जाड रबर टाका. एकसुरी शिट्टी येत असेल तर मागची जाळी बघा. पत्र्यातच भोकं पाडलेली जाळी पात्यांच्या अगदी जवळ असली की शिट्टी हमखास येते. तेवढा भाग गोल कापून तारेची जाळी लावली तर फरक लगेच कळतो. बोट आत जाणार नाही एवढी जाळी मात्र हवीच.

ठिणगी
धन्यवाद काका. बेअरिंग ठीक आहे, हातानं फिरवला तर अलगद फिरतो. शिट्टी आहे, आणि जाळी पत्र्यात भोकं पाडलेलीच आहे. ती बदलतो. पण नुसत्या वाऱ्याचा जो घोंगाट आहे तो राहीलच ना?

सोल्डरिंग
घोंगाट वेगाचा आहे, त्यामुळे वेगच उतरवावा लागेल. पंख्याचा वेग 20 टक्के उतरवला की आवाज साधारण 5 डेसिबलनं कमी होतो. 24 ऐवजी 16 व्होल्ट दिले तर वेग अंदाजे दोन तृतीयांश होतो आणि आवाज 8-9 डेसिबलनं खाली येतो, कानाला जवळजवळ निम्मा वाटतो. पण हवाही दोन तृतीयांशच राहते आणि दाब निम्म्याहून खाली जातो. म्हणून पंखा कायमचा हळू करायचा नाही. थंड असताना हळू आणि गरम झाल्यावर पूर्ण, असं करायचं.

पंख्याच्या एका वायरीत 39 ओहम, 5 वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घाला. त्याला समांतर एक थर्मल स्विच लावा, जो एरवी उघडा असतो आणि 45 अंशांना जोडला जातो. हीटसिंक तापला की स्विच रेझिस्टरला वगळतो आणि पंखा पूर्ण वेगात येतो. रेझिस्टर स्वतः तापतो, तो हवेच्या वाटेत ठेवा, वायरींना टेकू देऊ नका. हळू वेगात पंखा थंडीतही स्वतःहून सुरू होतो का ते तपासा. अडखळत असेल तर रेझिस्टर कमी ओहमचा घ्या. पंख्याला तिसरी वायर असती तर हे चाललं नसतं, काही मशीन त्या वायरीवरून वेग वाचतात आणि पंखा हळू झाला की एरर देतात.

आता नीट वाचा. 230 व्होल्टवरच्या मशीनमध्ये आतल्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. मल्टिमीटरनं मोजल्याशिवाय हात घालू नका. पुष्कळ मशीनमध्ये हीटसिंकमध्येही करंट असतो, म्हणून धातूच्या अंगाचा थर्मल स्विच त्याला थेट लावायचा नाही. प्लॅस्टिक किंवा सिरॅमिक अंगाचा घ्या आणि मध्ये इन्सुलेशनचा पॅड ठेवा. कंपनीनं बसवलेला जो थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर मशीन थांबवणारा स्विच) आहे त्याला अजिबात धक्का लावायचा नाही. तुमचा स्विच कधी बिघडला तर मशीन वाचवणारा तोच आहे.

दुसरी पाळी
माझ्याकडे जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन आहे, पंखा थेट 230 व्होल्ट एसीवर आहे. त्यालाही रेझिस्टर चालेल?

सोल्डरिंग
नको, एसीला हा हिशोब लागू नाही. त्यात डिमरही घालू नका, मोटर गुणगुणायला लागते आणि तापते. जाळी, रबर, बेअरिंग एवढंच करा. ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा हमही (गुणगुणण्याचा आवाज) त्यात मिसळलेला असेल, पंख्याची वायर काढून क्षणभर ऐकलंत तर कळेल.

पत्रेवाला
कोणी मशीनभोवती फोमची पेटी करायचा सल्ला देईल, तो ऐकू नका. गरम हवा आतच फिरते आणि फोमवर ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको.

ठिणगी
जाळी बदलली, शिट्टी पूर्ण गेली. रेझिस्टरही घातला, पंखा हळू वेगात नीट सुरू होतो. मुलगी येऊन विचारून गेली की काम बंद केलंत का! आता थर्मल स्विच कुठं लावू? आत दोन हीटसिंक आहेत, एक ट्रान्झिस्टरचा, एक आउटपुट डायोडचा.

सोल्डरिंग
कंपनीचा सेन्सर ज्या हीटसिंकवर आहे त्याच्याच शेजारी लावा, ती जागा त्यांनी मोजून निवडलेली असते. दोन्हींवर सेन्सर असतील तर दोन थर्मल स्विच एकमेकांना समांतर जोडा, जो आधी तापेल तो पंखा वाढवेल. मग कव्हर लावून तुमच्या नेहमीच्या सर्वांत जास्त करंटला सलग वेल्डिंग करा आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजा. एकदा रेझिस्टर वगळून, एकदा घालून, मध्ये मशीन पूर्ण थंड होऊ द्या. लांबून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड पिस्तुलानं उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर मोजू नका, चकचकीत धातूवर ते फार कमी आकडा दाखवतं. हवेत धरायचा साधा प्रोब वापरा. थर्मल स्विच जोडला गेल्यावर दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. नाही आले तर स्विचचा हीटसिंकशी नीट संपर्क होत नाहीये, पॅडमध्ये थर्मल पेस्ट घालून पुन्हा आवळा.